प्रोस्टेटची वाढ: मोजायचे काय आणि कधी

साठी ओलांडलेला पुरुष लघवीची तक्रार सांगू लागला की त्याला बहुधा दोनच उत्तरे ऐकायला मिळतात. घरात सांगतात, वय झाले, आता असेच चालायचे. शहरात सोनोग्राफी केली की कागदावर लिहून येते, प्रोस्टेट वाढली आहे, ग्रेड दोन. आणि त्या ग्रेडच्या धास्तीने अख्खे घर ऑपरेशनच्या पैशांचा विचार करू लागते. पहिल्या उत्तराने माणूस वर्षानुवर्षे घरी बसतो, दुसऱ्याने तो अकारण घाबरतो. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: या माणसाची लघवीची पिशवी नीट रिकामी होते का, आणि या त्रासापायी त्याचे जगणे किती आखडले आहे? परभणीसारख्या जिल्ह्यात प्रोस्टेटच्या आजाराचा जो खरा तोटा होतो, तो ग्रंथी वाढल्यामुळे होतो त्याहून जास्त हा प्रश्न उशिरा विचारल्यामुळे होतो, असे माझे म्हणणे आहे. हा प्रश्न विचारायला मोठे यंत्र लागत नाही आणि मोठे शहरही लागत नाही.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि तिच्या मधून मूत्रनलिका जाते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. चाळिशीनंतर नलिकेला लागून असलेला तिचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. ही वाढ किती सार्वत्रिक आहे हे १९८४ साली बेरी आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांच्या नोंदी एकत्र करून दाखवले: तिशीत जेमतेम ८ टक्के पुरुषांत ती दिसते, ५१ ते ६० या वयात निम्म्या पुरुषांत, आणि ऐंशीनंतर बहुतेकांत. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि राज्यात साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. राज्याचे प्रमाण जिल्ह्याला लावून ढोबळ हिशेब केला तरी साठीपुढचे पुरुष ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात जातात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची ग्रंथी वाढलेली असणार. एवढ्या सगळ्यांना रोगी म्हणणे चूक ठरेल, कारण त्यांतल्या पुष्कळांना काहीच त्रास नसतो. ही वाढ कर्करोगाची नव्हे आणि पुढे तिचा कर्करोग होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, पण एकातून दुसरा उगवत नाही.

मग त्रास कोणाला होतो? येथे सोनोग्राफीचा कागद फारसा उपयोगी पडत नाही. ग्रंथीचा आकार आणि माणसाच्या तक्रारी यांचा मेळ फार क्षीण असतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. ३० ग्रॅमच्या ग्रंथीने एखादा हैराण असतो, तर ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन दुसरा रात्रभर निवांत झोपतो. याचे कारण असे की अडथळा केवळ ग्रंथीच्या मांसामुळे होत नाही. ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या मानेतले स्नायू किती आवळलेले आहेत, वाढ नलिकेच्या बाजूला आहे की थेट मूत्राशयात घुसली आहे, आणि मुख्य म्हणजे मूत्राशयाचा स्नायू किती जोर लावू शकतो, यावर सारे अवलंबून असते.  अडथळा राहिला तर मूत्राशयाला जादा जोर लावावा लागतो. आधी स्नायू जाड होतो, माणसाला घाईघाईने आणि वारंवार जावे लागते. पुढे तो थकतो, ताणला जातो आणि लघवी आत शिल्लक राहू लागते. म्हणून जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ १९९२ पासून सात प्रश्नांची गुणपत्रिका वापरतात: लघवी झाल्यावर पिशवी रिकामी झाल्यासारखे वाटते का, दोन तासांत पुन्हा जावे लागते का, धार थांबत थांबत येते का, लघवी आवरणे जड जाते का, धार बारीक झाली का, सुरुवातीला कुंथावे लागते का, रात्री किती वेळा उठावे लागते. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. या बेरजेत खरेच काही अर्थ आहे का, असे कोणी विचारील. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत हजारो पुरुषांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. सत्तरीतल्या ज्या पुरुषांचा त्रास सौम्य होता त्यांच्यात दर वर्षी हजारी सुमारे ९ जणांची लघवी अचानक तुंबली. मध्यम किंवा तीव्र त्रास असलेल्यांत हजारी सुमारे ३५ जणांची. प्रश्न विचारून मिळणाऱ्या माहितीत एवढे बळ आहे.

आता हे प्रश्न परभणीच्या रोजच्या आयुष्यात आणून पाहा. येथला उन्हाळा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. शेतात किंवा आठवडी बाजारात आडोसा शोधावा लागतो. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, पण जिंतूर किंवा पाथरीहून निघालेली गाडी लघवीसाठी वाटेत थांबवा असे म्हणायला म्हातारा माणूस संकोचतो. आषाढी वारीला निघालेली शेगावची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पुढे जाते. दिंडीत चालणाऱ्या वयस्कांची अडचण याहून वेगळी नसते. या सगळ्यावर माणसाने शोधलेला उपाय एकच: पाणी कमी प्यायचे. प्रवासाच्या दिवशी दोन-तीन तास आधी थोडे कमी पिणे ठीक आहे, पण रोजचेच पाणी तोडले तर मराठवाड्याच्या उन्हात लघवी गडद होते, जळजळते, मुतखड्याला आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते, बद्धकोष्ठ होते; आणि भरलेल्या आतड्याचा दाब लघवीला आणखी अडवतो. मग ती जळजळ उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर आणि सब्जावर काढली जाते. या घरगुती उपायांना माझा विरोध नाही. पाणी पोटात जाते हा त्यांचा फायदाच आहे. पण ज्या पुरुषाला दर उन्हाळ्यात तीन-तीनदा उन्हाळी लागते आणि ज्याची धारही बारीक झाली आहे, त्याचा दोष उन्हावर टाकून भागणार नाही. त्याच्या पिशवीत लघवी शिल्लक राहते का, हे पाहिलेच पाहिजे.

रात्री उठण्याची तक्रार मात्र वेगळी पारखावी लागते, कारण तिचे खापर बहुतेक वेळा प्रोस्टेटवर फुटते आणि ते अनेकदा चुकीचे असते. मधुमेहात साखर वाढली की लघवी जास्त होते. हृदय अशक्त असेल किंवा दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसल्याने सूज आली असेल, तर आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परतते आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडते. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, रात्री जेवणानंतर चहा होत असेल, घोरण्याचा आजार असेल, तरीही तेच. ओळखायची रीत साधी आहे. तीन दिवस एका खुणा केलेल्या मगात लघवी मोजायची, वेळ आणि माप वहीत लिहायचे. वयस्क माणसाची चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल, तर ती जास्तीची लघवी रात्री का तयार होते ते आधी शोधायला हवे. प्रोस्टेटच्या गोळीने ती कमी होणार नाही. मला हा मग आणि ही वही सोनोग्राफीइतकीच महत्त्वाची वाटते. अंगणाच्या टोकाला असलेल्या संडासाकडे अंधारात चार-चार खेपा घालताना पडून खुबा मोडतो, तेव्हा होणारे नुकसान कोणत्याही प्रोस्टेटच्या ग्रेडपेक्षा मोठे असते. खाटेजवळ भांडे ठेवायला लाजण्याचे काहीच कारण नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. वयानुसार होणाऱ्या बदलाला आजार ठरवून गावोगाव गोळ्या वाटायच्या का? धीर धरला तर काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर पुराव्यातून मिळते आणि ते बरेचसे आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचे आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांचा अभ्यास झाला आणि तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे ऑपरेशन केले, निम्म्यांना केवळ नजरेखाली ठेवले. तीन वर्षांत नजरेखालच्यांपैकी २४ टक्क्यांना ऑपरेशन लागले. म्हणजे चारातले तीन त्याविना राहिले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत, ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांच्यातही आजार वाढत गेला तो वर्षाला शंभरात साडेचार जणांचा. सौम्य त्रासात औषधाची घाई करू नये हे यावरून उघड आहे. पण या पुरुषांना नजरेखाली ठेवले होते, म्हणजे त्यांना ठरल्या वेळी बोलावून प्रश्न विचारले जात होते, धार आणि शिल्लक लघवी मोजली जात होती. घरात गप्प बसून सहन करण्याला नजरेखाली राहणे म्हणता येत नाही. शिवाय पहिल्या अभ्यासात पुढे असेही दिसले की ज्यांनी थांबून मग ऑपरेशन केले, त्यांना आधीच केलेल्यांइतका गुण आला नाही. थकलेला स्नायू अडथळा दूर झाल्यावरही पूर्वीचा जोर परत मिळवीलच असे नाही.

थांबण्यातला सर्वांत मोठा धोका वेदना न होणाऱ्या प्रकारात असतो. काही पुरुषांची पिशवी इतकी हळूहळू ताणत जाते की ओटीपोटात दुखत नाही. लघवी थेंब थेंब सांडत राहते, रात्री अंथरूण ओले होते, आणि घरच्यांना वाटते की म्हाताऱ्याला आवरत नाही. प्रत्यक्षात पिशवी काठोकाठ भरून वाहत असते. लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांवर जातो, भूक मंदावते, मळमळते, पायांवर सूज येते, आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे क्रिएटिनिन रक्तात वाढलेले सापडते तेव्हा उशीर झालेला असतो. ज्या वयस्क पुरुषाचे अंथरूण नव्याने ओले होऊ लागले आहे, त्याच्या ओटीपोटावर हात ठेवून पाहणे हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचे पहिले काम आहे. भरलेली पिशवी हाताला लागते. त्यापुढे लघवीची तपासणी, साखर, क्रिएटिनिन, गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी पाहणे, आणि लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत शिल्लक किती ते मोजणे. सोनोग्राफीच्या कागदावर नजर टाकायचीच तर ग्रेडवरून ती खाली, शिल्लक लघवीच्या आकड्यावर न्यावी. ३०० मिलिलिटरच्या वर शिल्लक कायम राहत असेल तर तज्ज्ञाला दाखवायला वेळ लावू नये. लघवीत रक्त दिसले तर तेही थांबण्याचे नाही.

औषधांचे मुख्य गट दोन. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिनसारखी औषधे स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक जाणवतो, पण ग्रंथी लहान होत नाही. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात. त्यांना सहा महिने आणि वर अवधी द्यावा लागतो, आणि ग्रंथी मोठी असेल तरच त्यांचा खरा उपयोग. आकाराला महत्त्व येते ते येथे, उपाय निवडताना. दुसऱ्या गटाचा शोध वेगळ्याच वाटेने लागला. १९७४ साली डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरांतल्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचे प्रभावी रूप तयार करणारे एन्झाइम जन्मतःच कमी होते आणि त्यांची प्रोस्टेट लहानच राहत असे. तेच एन्झाइम रोखणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये बाजारात आले. २००३ च्या ज्या चाचणीचा उल्लेख वर आला, तिच्यात पहिल्या गटातल्या डॉक्साझोसिनने आजार वाढण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, फिनास्टेराइडने ३४ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून ६६ टक्क्यांनी. म्हणजे मोठी ग्रंथी आणि मध्यम-तीव्र त्रास असलेल्याला जोडगोळी देण्यात अर्थ आहे. सरसकट सगळ्यांना ती देण्यात नाही. पहिल्या गटाच्या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री घ्यावी आणि उठताना आधी खाटेवर बसावे. दुसऱ्या गटाने काहींची कामेच्छा कमी होते, आणि रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीत मोजला जाणारा घटक, निम्म्यावर येतो; हे डॉक्टरला माहीत नसेल तर कर्करोगाची खूण नजरेतून सुटू शकते. आणखी एक गोष्ट या भागात विशेष सांगायला हवी. परभणीचे कितीतरी वयस्क मोतीबिंदूसाठी जालन्याच्या गणपती नेत्रालयात किंवा शिबिरांत जातात. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याच्या डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो, हे २००५ साली लक्षात आले. आधी माहीत असेल तर सर्जन तयारी ठेवतो. गोळी बंद केल्यानेही हा परिणाम पूर्ण जातोच असे नाही, म्हणून प्रोस्टेटची गोळी घेतो किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्याच्या डॉक्टरला सांगितलेच पाहिजे.

आयुर्वेदिक औषधांचे काय, हा प्रश्न मराठवाड्यात टाळून चालत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत गाठीसारख्या वाढीने लघवी अडण्याचे वर्णन आहे. म्हणजे हा आजार आपल्या वैद्यांना फार पूर्वी ठाऊक होता. पण ओळखणे आणि बरे करणे यांत अंतर आहे. गोखरू, वरुण, पुनर्नवा यांवर लहान अभ्यास आहेत, मात्र वर सांगितलेल्या चाचण्यांच्या तोडीचा मोठा आणि दीर्घ पुरावा नाही. पाश्चात्त्य देशांतही सॉ पाल्मेटो नावाच्या वनस्पतीवर असाच विश्वास होता. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर काटेकोर चाचणी झाली तेव्हा ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना काही महिने बरे वाटते, हा या आजाराचा स्वभाव आहे. त्यामुळे 'मला गुण आला' ही साक्ष खरी असूनही पुरेशी ठरत नाही. सौम्य त्रास असलेल्याने वैद्याचे औषध घेतले तर मी हरकत घेणार नाही, पण शिल्लक लघवी आणि क्रिएटिनिन मोजल्याशिवाय कोणत्याच औषधावर वर्ष काढू नये, मग ते कोणत्याही शास्त्राचे असो.

लघवी अचानक पूर्ण तुंबते तेव्हा मात्र वादाला जागा नसते. त्यामागे पुष्कळदा छोटेसे निमित्त असते: दुकानातून आणलेली सर्दीची गोळी, जिच्यात फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असते, दारू, चार दिवसांचे बद्धकोष्ठ, लग्नाच्या गर्दीत किंवा प्रवासात तासन्‌तास दाबून धरलेली लघवी. अशा वेळी भरपूर पाणी पाजण्याने वेदना वाढतात. नळी टाकून पिशवी रिकामी करणे हाच उपाय, आणि तो जवळच्या ग्रामीण रुग्णालयात व्हायला हवा. त्यासाठी नांदेड गाठण्याची गरज नाही. खरा घोटाळा पुढे होतो. नळी आणि तिला जोडलेली बाहेरची पिशवी लावून माणूस घरी येतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो, कारण पुढचा टप्पा त्याला कोणी सांगितलेला नसतो. नळी हे मधले साधन आहे. ती असेपर्यंत दिवसागणिक जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अल्फुझोसिन सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहिल्यावर एका मोठ्या चाचणीत ६२ टक्के पुरुषांना आपोआप लघवी झाली. खोटी गोळी घेतलेल्यांत ४८ टक्क्यांना. नळी टाकली त्याच दिवशी ती कधी काढून पाहायची याची तारीख कागदावर लिहून मिळाली पाहिजे, आणि घरच्यांनी ती मागून घेतली पाहिजे.

ऑपरेशन कोणाला, हेही बरेचसे ठरलेले आहे: नळी काढल्यावर पुन्हा तुंबत असेल, मूत्रपिंडांवर परिणाम झाला असेल, मूत्राशयात खडे झाले असतील, संसर्ग किंवा रक्तस्राव वारंवार होत असेल, किंवा औषध घेऊनही त्रास सोसवत नसेल. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीस वर्षे काढून लंडनला परतलेल्या पीटर फ्रेयर यांनी १९०० पासून पोट उघडून वाढलेली ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. तेव्हा ती जिवावरची गोष्ट होती. आज ती बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते, आणि फार मोठी ग्रंथीही लेझरने पोट न उघडता काढता येते. पुरुषत्व जाईल ही भीती अनेकांना मागे खेचते आणि डॉक्टर तिच्यावर मोकळेपणी बोलत नाहीत. खरी गोष्ट अशी की ताठरता बहुतेकांची टिकते; वीर्य मात्र पुष्कळांचे बाहेर न येता मूत्राशयात जाते. हे आधी पतीपत्नी दोघांनाही सांगितले तर नंतरचा मनस्ताप टळतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्या यादीत ही शस्त्रक्रिया आहे, आणि २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. योजनेत बसणारे रुग्णालय कोणते हे आधी विचारून घेतले तर शेत गहाण ठेवण्याची वेळ येणार नाही.

शेवटचा प्रश्न यंत्रणेचा. तिशीपुढच्या सगळ्यांची सरकारी तपासणी होते ती पाच आजारांसाठी: रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग. पुरुषाच्या लघवीची चौकशी त्या पाचांत नाही. तपासणीचे ओझे आधीच मोठे आहे, त्यात आणखी भर नको, असे कोणी म्हणेल. आणि आशाताईने गावातल्या आजोबांना असे प्रश्न कसे विचारायचे, हीदेखील खरी अडचण आहे. पण मी सगळ्यांची सोनोग्राफी किंवा सगळ्यांचा पीएसए करा असे म्हणत नाही. त्याने निष्कारण भीती आणि निष्कारण ऑपरेशनेच वाढतील. साठीपुढचा पुरुष रक्तदाबाच्या आणि शुगरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला उपकेंद्रात येतोच. त्याच वेळी पुरुष आरोग्यसेवकाने त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: धार बारीक झाली का, रात्री किती वेळा उठता, अंथरूण किंवा कपडे ओले होतात का. उत्तरे कार्डावर लिहावीत, आणि तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवावे. मेच्या उन्हाआधी, मार्च-एप्रिलच्या फेरीत हे झाले तर आणखी बरे, कारण लोक पाणी तोडायला लागतात ते त्यानंतर.